इम्पीरियल स्टाउट

इम्पीरियल स्टाउट ही अधिक मद्यार्क असलेली, जवळजवळ काळ्या रंगाची आणि दाट चवीची बिअर आहे. तिचा उगम अठराव्या शतकातील लंडनमध्ये झाला. रशियाशी असलेल्या व्यापारी संबंधामुळे तिला 'रशियन इम्पीरियल स्टाउट' असेही म्हणतात. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने साधारणतः ८ ते १२ टक्के असते. नेहमीच्या बिअरमध्ये ते ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार मूळ देशात नामशेष होण्याच्या बेतात होता. अमेरिकेतील आणि नंतर इतर देशांतील लहान, स्वतंत्र बिअर उत्पादकांनी, म्हणजे 'क्राफ्ट ब्रुअरीं'नी, त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. आज आस्वादकांच्या दृष्टीने हा बिअरच्या सर्वांत गुंतागुंतीच्या प्रकारांपैकी एक मानला जातो.

नाव

'स्टाउट' या इंग्रजी विशेषणाचा बिअरच्या संदर्भातील मूळ अर्थ 'कडक' किंवा 'जोरदार' असा होता. त्याचा रंगाशी संबंध नव्हता. अठराव्या शतकात फिकट रंगाच्या कडक बिअरलाही स्टाउट म्हणत. पोर्टर या गडद बिअरच्या कडक प्रतीला 'स्टाउट पोर्टर' म्हटले जाऊ लागले आणि कालांतराने 'पोर्टर' हा शब्द गळून 'स्टाउट' एवढेच नाव उरले. 'इम्पीरियल' म्हणजे साम्राज्याची किंवा बादशाही. हे विशेषण रशियाच्या राजदरबाराशी जोडले गेले. अलीकडे मात्र त्याचा अर्थ सैल झाला असून कोणत्याही प्रकारच्या बिअरची अधिक कडक आवृत्ती दाखवण्यासाठी ते लावले जाते, उदाहरणार्थ, 'इम्पीरियल इंडिया पेल एल'.

इतिहास

लंडनची पोर्टर

१७२० च्या दशकापासून लंडनमध्ये पोर्टर हे नाव आढळते. ओझी वाहणाऱ्या हमालांमध्ये, म्हणजे पोर्टर लोकांमध्ये, ती लोकप्रिय असल्याने तिला हे नाव पडले. तपकिरी माल्टपासून बनवलेली ही बिअर मोठमोठ्या लाकडी पिंपांत कित्येक महिने मुरवली जाई. तिच्या मागणीमुळे लंडनमधील बिअरचे कारखाने त्या काळातील सर्वांत मोठ्या उद्योगांत गणले जाऊ लागले.

यांपैकी एक म्हणजे थेम्सच्या दक्षिण तीरावरील सदर्क भागातील अँकर ब्रुअरी. तिचा मालक हेन्री थ्रेल हा कोशकार सॅम्युएल जॉन्सन याचा मित्र होता. १७८१ मध्ये थ्रेलचा मृत्यू झाल्यावर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांमध्ये जॉन्सनचाही समावेश होता. त्याच वर्षी हा कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला आणि पुढे 'बार्कले पर्किन्स' या नावाने प्रसिद्ध झाला.

रशियाशी व्यापार

चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन याने १७९६ मधील आपल्या रोजनिशीत थ्रेलच्या कारखान्यातील पोर्टर चाखल्याची नोंद केली आहे. ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास बनवलेली असून सात वर्षे टिकेल, असे त्याला यजमानाकडून समजले होते. ही सम्राज्ञी म्हणजे कॅथरीन दुसरी. तिची कारकीर्द १७६२ ते १७९६ अशी होती. या बिअरचा संबंध कधीकधी पीटर द ग्रेट याच्याशीही जोडला जातो. परंतु पीटरची इंग्लंडभेट १६९८ ची आहे, म्हणजे पोर्टर हे नाव रूढ होण्यापूर्वीची. त्यामुळे ही कथा कालक्रमात बसत नाही.

१८२२ मध्ये रशियाने नवे आयातशुल्क लागू केले. त्याचा मोठा फटका इंग्लंडमधील बर्टन येथील उत्पादकांना बसला. त्यांची गोडसर, कडक एल रशियात जात असे. पोर्टर आणि स्टाउट यांना मात्र ही बाजारपेठ खुली राहिली. बाल्टिक बाजार हातचा गेल्यावर बर्टनच्या उत्पादकांनी भारताकडे मोर्चा वळवला आणि तेथील गोऱ्या रहिवाशांसाठी फिकट, कडवट एल पाठवण्यास सुरुवात केली. अशा रीतीने 'इंडिया पेल एल'च्या उत्कर्षाला रशियाचे आयातशुल्क काही अंशी कारणीभूत ठरले.

एकोणिसाव्या शतकात बार्कले पर्किन्सची स्टाउट रशियात पोहोचवणाऱ्यांमध्ये ए. ल कॉक ही पेढी अग्रेसर होती. १९१२ मध्ये या पेढीने त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या तार्तू या शहरातील एक कारखाना विकत घेतला. तार्तू आज एस्टोनियात असून तो कारखाना याच नावाने अद्याप चालू आहे. पहिले महायुद्ध आणि १९१७ ची राज्यक्रांती यांनंतर रशियाची जुनी बाजारपेठ संपुष्टात आली. याच व्यापाराच्या प्रभावातून बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांत 'बाल्टिक पोर्टर' हा वेगळा प्रकार विकसित झाला. तो बहुधा थंड तापमानात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवला जातो.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

विसाव्या शतकात दोन महायुद्धे, धान्यटंचाई, मद्यार्काच्या प्रमाणानुसार वाढणारा कर आणि बदललेली अभिरुची यांमुळे इंग्लंडमध्ये कडक बिअरचे उत्पादन घटले. १९५५ मध्ये बार्कले पर्किन्स आणि करेज या कंपन्यांचे विलीनीकरण झाले. त्यानंतर 'करेज इम्पीरियल रशियन स्टाउट' या नावाने ही बिअर थोड्या प्रमाणात बनत राहिली. १९९३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दोन शतकांची परंपरा अशा रीतीने खंडित झाली. पुढे २०११ मध्ये वेल्स अँड यंग्ज या कंपनीने ती पुन्हा बनवली.

दरम्यान या प्रकाराला अमेरिकेत नवे घर मिळाले होते. ब्रिटिश बिअरलेखक मायकेल जॅक्सन यांच्या लेखनामुळे अमेरिकन वाचकांना जुन्या युरोपीय बिअरची ओळख झाली. १९८० च्या दशकात यॉर्कशरमधील सॅम्युएल स्मिथ या कारखान्याने अमेरिकेतील आयातदारासाठी इम्पीरियल स्टाउट बनवली. कॅलिफोर्नियातील नॉर्थ कोस्ट ब्रुअरीची 'ओल्ड रास्पुतिन' आणि शिकागोतील गूस आयलंडची 'बर्बन काउंटी स्टाउट' या १९९० च्या दशकातील बिअर विशेष गाजल्या. दुसरी बिअर बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरवलेली होती आणि तिच्या अनुकरणातून एक नवी शाखाच निर्माण झाली.

लांबच्या प्रवासासाठी कडक बनवल्याची समजूत

समुद्रप्रवासात खराब होऊ नये किंवा गोठू नये म्हणून ही बिअर मुद्दाम कडक बनवली गेली, अशी समजूत सर्वत्र आढळते. मद्यार्क आणि हॉप्स यांमुळे बिअर अधिक टिकते, हे खरे आहे. मात्र त्याच काळात हिच्याहून सौम्य पोर्टर आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून भारतातील ब्रिटिश सैन्यासाठी येत होती. त्या मानाने लंडन ते सेंट पीटर्सबर्ग हा प्रवास लहान आणि थंड हवेचा होता. केवळ प्रवास हे एकमेव कारण असते, तर भारतात येणारी पोर्टर त्याहून कडक असावयास हवी होती. म्हणून रशियातील श्रीमंत ग्राहकांची कडक, महाग पेयाची आवड हे कारण अधिक संभवनीय ठरते.

घटक आणि निर्मिती

सातू भिजवून, मोड आणून व वाळवून माल्ट तयार करतात. इम्पीरियल स्टाउटमध्ये बहुतांश माल्ट फिकट रंगाचा असतो आणि आंबण्यासाठी लागणारी साखर मुख्यतः त्यातूनच मिळते. काळा रंग आणि भाजका स्वाद देण्यासाठी खरपूस भाजलेला माल्ट किंवा सातू थोड्या प्रमाणात पुरतो. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे एकस्व मिळवले. त्यानंतर थोड्याशा काळ्या माल्टने बिअरला गडद रंग देणे शक्य झाले.

यावरून रंग आणि कडकपणा या स्वतंत्र गोष्टी असल्याचे दिसून येते. आयर्लंडची 'गिनेस ड्राफ्ट' दिसायला काळी असली, तरी तिच्यात मद्यार्क सुमारे ४.२ टक्केच असतो. उलट बेल्जियममधील काही सोनेरी बिअर ८ टक्क्यांच्या वर जातात.

आंबवण्यापूर्वी माल्टचा गोड काढा तयार करतात. पाण्याची घनता १.००० धरली, तर या काढ्याची घनता सुमारे १.०७५ ते १.११५ असते. उकळताना त्यात हॉप्स घालतात. त्यांचा कडवटपणा माल्टच्या गोडव्याला आवर घालतो. थंड झाल्यावर एल प्रकारचे यीस्ट मिसळतात. एवढ्या दाट काढ्यात यीस्टवर ताण येतो. म्हणून त्याचे प्रमाण, प्राणवायूचा पुरवठा आणि तापमान यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आंबल्यावर बिअर काही आठवडे ते अनेक महिने मुरवली जाते.

आस्वादन

इम्पीरियल स्टाउट तहान भागवण्यासाठी नव्हे, तर थोड्या प्रमाणात आणि सावकाश चाखण्यासाठी असते. परीक्षणासाठी ६० ते १०० मिलिलिटर पुरते. बुडाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता पेला निवडतात, म्हणजे गंध एकवटतो. फ्रिजच्या तापमानाला गंध दबतो आणि कडवटपणा टोचतो. त्यामुळे ही बिअर साधारणतः १० ते १४ अंश सेल्सियसला चाखतात. एकाच बैठकीत अनेक बिअर असल्यास सौम्य बिअरपासून सुरुवात करून इम्पीरियल स्टाउट अखेरीस घेतात. मध्ये पाणी आणि साधा पाव देतात.

रूप: रंग गडद तपकिरी ते शाईसारखा काळा असतो. पेला तिरपा करून उजेडात धरल्यास कडेला तांबूस झाक दिसू शकते. फेस तपकिरी असतो. मद्यार्क जास्त असल्याने तो लवकर बसल्यास तो दोष मानत नाहीत.

गंध: भाजलेली कॉफी, कडू चॉकलेट, काकवी, मनुका, खजूर, अंजीर, ज्येष्ठमध अशा छटा आढळतात. मद्यार्काचा ऊबदार गंध चालतो, पण तो नाकाला झोंबू नये.

चव: प्रथम माल्टचा गोडवा, मागोमाग भाजका स्वाद आणि शेवटी कडवटपणा, असा क्रम बहुधा जाणवतो. कडवटपणाचे दोन उगम वेगळे ओळखणे हे आस्वादकाचे कौशल्य आहे. हॉप्सचा कडवटपणा पाल्याच्या, सालीच्या अंगाने जातो आणि जिभेच्या मागे रेंगाळतो. भाजलेल्या सातूचा कडवटपणा कोरा, काहीसा आंबट आणि कॉफीच्या चोथ्यासारखा असतो. तो करपटपणाकडे झुकला, तर बिअर एकसुरी लागते.

मुखस्पर्श: द्रव दाट आणि मखमली असतो, तर वायू बेताचा. गिळल्यावर घशात सौम्य ऊब जाणवते.

शेवट: चव दीर्घकाळ टिकते. गोडवा, भाजका स्वाद, कडवटपणा आणि मद्यार्क या चारांपैकी एकानेही इतर तिघांना झाकून टाकू नये, ही उत्तम इम्पीरियल स्टाउटची कसोटी समजली जाते. पेल्यातील बिअर कोमट होऊ लागली की मद्यार्क आणि फळांच्या छटा ठळक होतात. म्हणून तीच बिअर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने पुन्हा चाखण्याची पद्धत आहे.

मुरण्याचे परिणाम आणि दोष

बहुतेक बिअर ताजी प्यावी लागते. इम्पीरियल स्टाउट मात्र अंधाऱ्या, थंड जागी अनेक वर्षे ठेवता येते. काळाबरोबर हॉप्सचा कडवटपणा ओसरतो, भाजका तिखटपणा मवाळ होतो आणि सुक्या फळांच्या, शेरी वाइनसारख्या छटा पुढे येतात. हे प्राणवायूच्या मंद क्रियेमुळे घडते. तीच क्रिया बेसुमार झाली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. मृत यीस्ट बाटलीत फार काळ राहिल्यास सोया सॉससारखी खारट छटा येते. लोण्यासारखा वास डायअॅसिटिल या संयुगाचा असतो आणि तो सहसा अपुऱ्या किण्वनाचे लक्षण असतो.

जुन्या इंग्लिश बिअरच्या मुरण्यात आणखी एका सूक्ष्मजीवाचा वाटा होता. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील नील्स येल्टे क्लाउसेन यांनी अशा बिअरमधून एक यीस्ट वेगळे केले आणि त्याला 'ब्रेटॅनोमायसेस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. आज अनेक बिअरमध्ये त्याची वाढ दोष समजली जाते. परंतु जुन्या स्टाउटच्या चवीत त्याने आणलेला चामड्यासारखा गंध अपेक्षित होता.

परीक्षण

अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या संस्थेची गुणपत्रिका स्पर्धांतून वापरली जाते. तिच्यातील ५० गुणांची विभागणी गंध १२, रूप ३, चव २०, मुखस्पर्श ५ आणि एकूण परिणाम १० अशी आहे. रूपाला सर्वांत कमी गुण असल्याने केवळ काळेभोर रंगावर कोणतीही बिअर पुढे जात नाही.

अलीकडे कॉफी, कोको, व्हॅनिला, नारळ, दुग्धशर्करा इत्यादी घालून मिठाईसारखी गोड स्टाउट बनवण्याचा प्रघात वाढला आहे. तिला 'पेस्ट्री स्टाउट' म्हणतात. या प्रयोगांमुळे नवे ग्राहक मिळाले. तथापि, कॉफी व चॉकलेटच्या ज्या छटा केवळ माल्ट भाजण्यातून येतात, त्या बाहेरून घातल्याने मूळ कौशल्य झाकले जाते, असा आक्षेपही घेतला जातो.

भारतातील स्थिती

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मद्यपेयांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची कडक गणली जाते. त्यामुळे १० टक्क्यांची पारंपरिक इम्पीरियल स्टाउट या व्याख्येत बसत नाही. मद्यपानासाठीचे किमान वय आणि परवान्याचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत.

आरोग्यविषयक बाबी

१० टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बाटलीत सुमारे २६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत तो १३ ग्रॅम असतो. म्हणजे एक बाटली नेहमीच्या दोन बाटल्यांबरोबर होते. गोडवा आणि दाटपणा यांमुळे हा कडकपणा लगेच लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्यपेयांचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, अशी या संघटनेची २०२३ मधील भूमिका आहे. व्यावसायिक परीक्षणात घोट अल्प ठेवतात आणि बैठकीतील बिअरची संख्या मर्यादित राखतात. आस्वादनानंतर वाहन चालवणे सर्वथा टाळले जाते.