एका अंड्याचा हिशेब

आमचे आयुष्य चळवळीत गेले. त्यामुळे माल्थसविषयी आमच्या मनात पहिल्यापासून अढी आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तोंडे भूमितिश्रेणीने वाढतात आणि धान्य गणितश्रेणीने, असे या इंग्रज पाद्र्याने १७९८ साली मांडले. पुढे विलायतेत मजुरांनी चार पैसे वाढवून मागितले, की ‘दिले तर पोरेच वाढवतील’ हे उत्तर त्याच्या नावावर तयार असे. पण १८३८ साली डार्विनला वाट दाखवली ती याच पुस्तकाने, हेही नाकारून चालणार नाही. डार्विन आम्ही वाचला तो सुटीच्या दिवशी, कोश मांडीवर घेऊन. आणि एका जागी अडलो. फुलमार नावाचा समुद्रपक्षी एकच अंडे घालतो, तरी जगात सर्वांत मोठी संख्या त्याचीच असे मानतात, असे डार्विनने १८५९ साली लिहून ठेवले आहे. म्हणजे अंडी किती, एवढाच प्रश्न पुरत नाही. मरतात किती, केव्हा मरतात आणि खावयास काय आहे, हेही त्याच्या जोडीला विचारावे लागते.

अमेरिकेत हे विचारले गेले नाही. तेथील पूर्वेकडच्या रानांत प्रवासी पारवा, म्हणजे पॅसेंजर पिजन, एके काळी तीनशे ते पाचशे कोटी होता, असा अंदाज आहे. पक्षिचित्रकार ऑडुबॉन याने १८१३ साली केंटकीत पाहिलेले त्याचे थवे तीन दिवस डोक्यावरून जात होते. या पाखराचे अन्न म्हणजे बीच, ओक, चेस्टनट या झाडांची फळे. ही झाडे दरसाल सारखी फळत नाहीत. जेथे पीक आले असेल तेथे कोट्यवधींनी उतरावयाचे, सर्वांनी एकाच वेळी घरटी बांधावयाची, आणि दर जोडीचे अंडे एक. ससाणे, कोल्हे खाऊन खाऊन खाणार किती? त्यांची पोटे भरली तरी पिले उरतच. गर्दी हेच या पाखराचे कवच होते. (आमच्या धंद्यातल्या माणसाला हे चटकन समजते.)

मग आगगाडी आली, तारायंत्र आले. घरटी कोठे पडली याची बातमी तारेने शहरात, आणि शिकारी पुढच्या गाडीने रानात. जाळी, बंदुका, झाडाखाली गंधकाची धुरी, काठीने पाडलेली पिले. आमिष म्हणून डोळे शिवलेला जिवंत पारवा जाळ्यापाशी बसवीत. माल पिंपांत भरून, बर्फ घालून, न्यूयॉर्क-शिकागोच्या बाजारात. १८७१ साली विस्कॉन्सिनमध्ये घरटी सुमारे साडेआठशे चौरस मैलांवर पसरली होती. १८७८ साली मिशिगनमधल्या पेटोस्कीजवळ कत्तल आठवडेच्या आठवडे चालली. मेलेली पाखरे दिसत होती, पण त्या सालची वीणच बुडाली हे कोणी मोजले नाही. शिवाय शेतीसाठी रान तुटत होते ते वेगळेच.

१८५७ साली ओहायोच्या विधिमंडळात या पाखराच्या संरक्षणाची गोष्ट निघाली होती. समितीने अहवाल दिला, की हा पक्षी विलक्षण प्रसवणारा आहे, त्याला संरक्षणाची गरज नाही. विलक्षण प्रसवणारा! समितीने आभाळातला थवा पाहिला, घरट्यात डोकावून पाहिले नाही. फाटकाबाहेर बदलीवाल्यांची रांग मोठी आहे, तेव्हा आत किती जायबंदी झाले याची काळजी कशाला, अशी भाषा आम्ही पुष्कळदा ऐकलेली आहे. सूर ओळखीचा वाटला.

शेवटी हजारो पारवे उरले होते, तरी जात वाचली नाही. लहान थव्याला गर्दीचे कवच नव्हते. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली, तीच शेवटची.

माल्थस खरा ठरतो अशाही जागा आहेत, हे मान्य केले पाहिजे. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर सोडले. मारणारे जनावर तेथे नव्हते. १९६३ पर्यंत ते सहा हजार झाले, दगडफुलाची जात होती ती सगळी खाऊन बसले, आणि एका कडक हिवाळ्यानंतर १९६६ साली मोजले तेव्हा ४२ उरले होते.

आपल्या गिधाडांचे मात्र उलटे झाले. मेलेली ढोरे होती तशीच होती, अन्नाला तोटा नव्हता. पण त्या ढोरांना जिवंतपणी दिलेले डायक्लोफेनॅक नावाचे दुखण्यावरचे औषध गिधाडांच्या मूत्रपिंडाला विष ठरले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एखादे उरली. गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. पण गिधाड वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात, आणि अंडे वर्षाला एक. हरयाणात पिंजोरच्या केंद्रात ते पहिले अंडे काढून यंत्रात उबवण्याचा प्रयोग झाला, म्हणजे जोडी त्याच हंगामात दुसरे घालते.