तगर ते तेर : मातीने राखलेला इतिहास

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव वसलेले आहे. भोवती काळी कसदार जमीन, पाऊस मात्र बेभरवशाचा. तेरणा पुढे मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून तेर महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु याच गावाच्या पांढरीत एक प्राचीन महानगर निजलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे प्रेषितांच्याच काळात, इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा वृत्तान्त लिहिला. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असून तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते, असे तो नमूद करतो. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. हे तगर म्हणजेच तेर, असे १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी साधार प्रतिपादन केले.

तेरच्या मातीनेही त्यास साक्ष दिली. रोमन धाटणीच्या मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू येथे सापडल्या. येथील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय मूर्तीशी विलक्षण साम्य आहे. आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले!

मग शुभवर्तमानही याच वाटेने तेरला आले असेल काय? मनाला मोह होतो. संत बार्थोलोम्यू कल्याणला आले, अशी परंपरा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे महागुरू असल्याचे लिहिले असून हे स्थान म्हणजे कल्याण, असे सामान्यतः मानले जाते. परंतु वाट होती एवढ्यावरून वाटसरू आला असे म्हणता येत नाही. पुराव्यावाचून केलेला दावा श्रद्धेची सेवा करीत नाही. सत्य हेच आपल्या प्रभूचे नाव आहे.

व्यापार ओसरला, नगराचे गाव झाले. गाव मात्र जगले. मुळात बौद्ध चैत्य असावे असे अभ्यासक मानतात ते विटांचे बांधकाम त्रिविक्रमाचे मंदिर होऊन आजही उभे आहे. तेराव्या शतकात याच मातीची मडकी घडविताना गोरोबाकाकांनी विठ्ठलाचे नाम घेतले. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून कच्चे मडके कोणते ते पारखले, ही कथा ऐकताना यिर्मयाने पाहिलेला कुंभार आपल्याला आठवल्यावाचून राहत नाही.

या साऱ्याचे जतन कोणी केले? गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. इतरांनी खापरे म्हणून ओलांडलेले तुकडे त्यांनी वेचले, जपले. त्यांच्याच संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिले गेले.

आपल्या धर्मग्रामांतही अशी खापरे विखुरलेली आहेत : स्नानसंस्काराच्या जीर्ण नोंदवह्या, आजीच्या पेटीतील पत्रे, दफनभूमीतील पुसट अक्षरे. वाळवीने ती फस्त करण्याआधी कोणीतरी वाकून ती उचलली पाहिजेत. आणि ती जितके सांगतील तितकेच, प्रामाणिकपणे, पुढच्या पिढीस सांगितले पाहिजे.