बोर्डोचे तळघर आणि नीरेकाठचा मळा

सांगवीच्या परिसरात किंवा इंदापूर तालुक्यातील बोरी गावी एखाद्या द्राक्षबागायतदारास ‘बोर्डो’ म्हणजे काय असे विचारा. तो मोरचूद व चुना यांचे निळे पाणी दाखवील. तेच नाव युरोपातील रसिकापुढे काढा; त्याला तळघरात वीसतीस वर्षे ठेवलेली तांबड्या वाइनची बाटली आठवेल. एकाच नगराच्या नावाला हे दोन अर्थ कसे चिकटले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बंदर. तेथील तांबडी वाइन द्राक्षाच्या साली व बिया यांसकट आंबवितात. त्यांतून उतरलेला तुरटपणा नव्या वाइनमध्ये जिभेला बोचतो. अंधाऱ्या, १२ ते १४ अंश उष्णतेच्या तळघरात बाटली आडवी ठेवली, म्हणजे बूच ओले राहते. वर्षे लोटतात तसा तुरटपणा मवाळ होतो, गाळ तळाशी बसतो, रंग विटकरी होतो. ताज्या फळाचा वास मावळून सुक्या पानांची, तंबाखूची आठवण देणारा गंध येतो. जाणकार मंडळी बाटली आदल्या दिवशी उभी करतात आणि गाळ न हलविता वरची वाइन ओतून घेतात. परंतु काळ सुधारतो तो कसदार वाइनला. दुबळी वाइन तळघरात नुसती म्हातारी होते.

याचा अनुभव बोर्डोकरांना १८८० नंतर आला. मुळे खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीवर उपाय म्हणून फ्रान्सने अमेरिकेतील वेली आणल्या. अमेरिकेतूनच केवडा रोगही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्सात आढळला. पाने अकाली गळू लागली, फळ नीट पिकेना, आणि अशा फळाची वाइन टिकेना. पानावरचा रोग तळघरापर्यंत पोहोचला!

१८८२ च्या शरदात बोर्डो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे मेदोक भागात हिंडत होते. सगळीकडे पाने गळलेली, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या! चौकशीअंती कळले की, वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद-चुना शिंपडला होता. चोरांसाठी योजलेला उपाय रोगावर लागू पडला होता. रसायनज्ञ गायों यांच्या साहाय्याने मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. ती तळघरात कुलूपबंद राहिली नाही, म्हणूनच नीरेकाठी येऊ शकली.

आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की केवडा येतो. मग १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना या प्रमाणात मिश्रण करतात. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजावे. हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. वाइन दशके राहते. तिला तारणारे पाणी उद्यापर्यंतही ठेवता येत नाही.

मात्र त्यातील तांबे जमिनीत राहते, वर्षानुवर्षे साठते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. बाटलीतला गाळ हलक्या हाताने वेगळा करता येतो; मातीत बसलेला करता येत नाही. बोर्डोची कृती आपण घेतली, तिचा हा हिशेबही आपण घेतला पाहिजे.