कोल्हापूरचे कलाजीवन : नाट्यपडद्यापासून चित्रपटापर्यंत

कोल्हापूरच्या कलाजीवनाचे श्रेय बहुधा राजाश्रयास दिले जाते. हे श्रेय अनाठायी नाही. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) अल्लादियाखाँ दरबारचे गायक म्हणून १८९५ मध्ये कोल्हापुरास आले. आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय मिळाला. आणि खासबागेच्या कुस्ती-मैदानालगत उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुले झाले. तथापि राजाश्रयाने कलावंताची विवंचना दूर होते. एक कला दुसरीस जन्म कशी देते, याचा उलगडा त्याने होत नाही. तो शोधावयाचा तर दरबाराबाहेर, कारागिरांच्या कामशाळेत जावे लागते.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ. बाबूरावांचा (१८९०–१९५४) जन्म परंपरागत कारागिरी करणाऱ्या घराण्यातला. कलाशाळेतील शिक्षण त्यांना लाभले नव्हते. १९१० नंतरच्या काही वर्षांत या दोघांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले आणि त्या कामात असा लौकिक मिळविला की, ‘पेंटर’ हेच त्यांचे उपनाव होऊन बसले. सपाट कापडावर राजवाड्याची किंवा अरण्याची खोली भासविणे हे पडदे रंगविणाऱ्याचे काम होय. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाने हे दोघे नव्या माध्यमाकडे ओढले गेले, याचे कारण या दृष्टीतच शोधावे लागेल.

छायाचित्रणाचे यंत्र स्वतःच तयार करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. ते पूर्ण होण्यापूर्वीच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते काम तडीस नेले व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्या भांडवलास कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी मोठा हातभार लावला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संगीतातून आलेला पैसा येथे चित्रपटाच्या कामी आला. कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या चित्रपटात गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी भूमिका केल्या. त्या काळी स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. त्यामुळे या दोघींच्या धैर्याचे मोल अधिक ठरते.

चित्रपटात मात्र बाबूरावांनी रंगविलेल्या पडद्यावर विसंबून राहण्याचे सोडले व त्याऐवजी भरीव, घडीव देखावे उभारण्याची पद्धत रूढ केली. पडद्याची मर्यादा त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

या कामशाळेत तयार झालेल्या मंडळींपैकी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भागीदारीत १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तिच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. नाट्यसंगीत, चित्रकला व यंत्रविद्या या तिन्ही धारा येथे एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्यास गेली. दामले व फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा तेथला, परंतु त्यामागील हात कोल्हापुरात घडलेले होते.

राजाश्रयाची साक्ष देणाऱ्या वास्तू सहज दृष्टीस पडतात. कामशाळेचा पुरावा तसा टिकत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. वास्तूंनाही धोका असतोच. १९५७ मध्ये केशवराव भोसले यांचे नाव दिलेले पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. म्हणूनच या नगराच्या कलेतिहासात दरबाराच्या दप्तराबरोबर सुतार, रंगारी, गायिका आणि नटी यांच्या घरांतील कागदपत्रे व आठवणीही गोळा करणे अगत्याचे आहे. त्यांच्यावाचून हा इतिहास केवळ आश्रयदात्यांचा इतिहास होईल.