वाचकाचा अभिप्राय : खानदेशातून एक मागोवा

रावेरहून दक्षिणेला उतरले की तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव लागते. चौदाशे वर्षे जगलेले योगी म्हणून ज्यांची ख्याती, त्या चांगदेवांचे हे स्थान. परंपरा सांगते की त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते, पण मायन्यावरच हात अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने समोरचा मोठा. नमस्कार लिहावा, तर तो पोरवयाचा. शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, इतके जगूनही हा कोरा तो कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, तीच चांगदेव पासष्टी. आज आपण एखादे पुस्तक मिटतो आणि त्यावर चार ओळी लिहून ओळखीच्या-अनोळखी वाचकांपुढे ठेवतो. या सवयीचा मागोवा घ्यायचा, तर मला तो या संगमापासूनच सुरू करावासा वाटतो. वाचलेल्या कागदावर तिघा भावंडांनी एकत्र बसून बोलावे आणि त्या बोलण्यातून नवा ग्रंथ निघावा, अशी ही मराठीतली आद्य गोष्ट आहे.

ज्ञानदेवांच्याच काळाच्या आसपास महानुभाव पंथात याहून थेट दाखला सापडतो. सावदा-फैजपूरच्या पट्ट्यात आजही या पंथाची वस्ती आहे, त्यामुळे रावेरकरांना तो परका नाही. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचला आणि पंथातल्या एका ज्येष्ठ गुरुबंधूला दाखवला. त्याने ग्रंथ चांगला उतरल्याचे सांगितले, आणि लगेच हेही सांगितले की तो संसारी, शृंगारप्रिय माणसांच्या कामाचा आहे, विरक्तांच्या नाही. भास्करभट्टांनी ते मनावर घेतले आणि पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली. स्तुती, उणीव आणि तिचे कारण, सारे दोन-तीन वाक्यांत. पंथाने ती वाक्ये जपली, म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण ती वाचू शकतो. मराठी ग्रंथपरीक्षणाचा इतिहास सहसा छापखान्यापासून सांगितला जातो. या दोन-तीन वाक्यांना त्याच्या आरंभी मानाचे स्थान मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

हस्तलिखितांच्या युगात मात्र वाचकाच्या शब्दाला स्वतःची जागा नव्हती. पोथी नकलून घेणारा हाच तिचा वाचक. एखादी ओवी त्याला फार आवडली, तिच्यावर काही सुचले, तर ते लिहायला समासाखेरीज कागद नसे. पुढचा नकलकार समासातले उचलून मूळ मजकुरात बसवी, आणि वाचकाचा उद्गार कवीच्या नावावर जमा होई. ज्ञानेश्वरीत अशी भर पडत गेली होती. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की यात यापुढे कुणी आपली ओवी घालू नये. या प्रवासातले ते पहिले मोठे वळण. ग्रंथकाराचे बोलणे आणि वाचकाचे बोलणे यांच्यामध्ये नाथांनी रेघ ओढली. ती ओढण्याआधीच त्यांनी स्वतः भागवताच्या अकराव्या स्कंधावर विस्ताराने लिहिले होते. म्हणजे वाचकाने बोलावे, भरभरून बोलावे, पण वेगळ्या कागदावर, आपल्या नावाने.

वेगळा कागद सगळ्यांना कुठून मिळणार? बहुसंख्य माणसांसाठी अभिप्राय तोंडीच राहिला. चातुर्मासात पोथी लागे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांनी मध्येच विचारायचे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. हे ग्रंथ घरोघर पोचले ते अशा बैठकांतून. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अर्थ लेवा बोलीत, तावडीत उलगडला जाई. कर्णाचे चुकले कुठे यावर पोथी बांधून ठेवल्यावरही वाद चाले. त्यात निरक्षर बायका होत्या, शेतमजूर होते. त्यांच्या प्रतिक्रियांची नोंद कुणी ठेवली नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच ऐकणाऱ्यांतल्या. अक्षर न गिरवता त्यांनी जे रचले, ते घरच्यांनी लिहून ठेवले म्हणून उरले आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापले गेले.

छपाईने वाचकाला अखेर स्वतःचा कागद दिला. ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२ चे, ‘प्रभाकर’ १८४१ चे. ‘प्रभाकर’मध्येच १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली, आणि पत्र हाच जाहीर चर्चेचा घाट झाला. १८६७ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले आणि पुस्तकावरचे मत हा मासिकाचा मजकूर ठरला. याच सुमारास भुसावळहून खांडव्याकडे रेल्वे झाली, रावेरला स्टेशन आले, आणि मुंबई-पुण्याचे छापील मत काही दिवसांत तापीकाठी पोचू लागले. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ चे. वाचनालय झाल्याने पुस्तक मिळाले, एवढेच आपण सांगतो. पण तिथल्या बाकावर एकच अंक चारजण आळीपाळीने वाचत, आणि पोथीच्या बैठकीची जागा हळूहळू या बाकाने घेतली.

छापील काळातला सर्वांत धारदार वाचकी शब्द आपल्या शेजारच्या बुलढाण्यातून आला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांत समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली जात होती. ती वाचून ताराबाई शिंदे पेटल्या आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आली. या पुस्तकाकडे आपण निबंध म्हणून पाहतो, ते योग्यच. पण ते एका वाचणाऱ्या बाईचे उत्तरही आहे. त्या काळच्या ‘मंजुघोषा’, ‘मुक्तामाला’ यांसारख्या कादंबऱ्यांतल्या बायका खऱ्या जगातल्या बायकांशी ताडून पाहत त्यांनी लेखकांना जाब विचारला. पुस्तकावर टीकेची झोड उठली, आणि जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. १८८५ मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला थारा नाही, त्यांच्या सभेत आपण का यावे, असा त्यांचा सवाल होता. न येण्याचे कारण लिहून कळवणे हाही ग्रंथांवरचा अभिप्रायच, आणि मराठी साहित्यव्यवहार आजही त्याला उत्तर देतो आहे.

विसाव्या शतकात हा धागा पुन्हा खानदेशात येतो. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहीत. रात्री लिहायचे, सकाळी मुलांनी वाचायचे. त्यात वाचलेले, सुचलेले, मुलांशी बोलायचे असे सारे येई. काही मुलांसाठी रोज हाताने लिहिलेले हे पान मला आजच्या वाचकगटांचे खरे पूर्वज वाटते. मोठ्या मासिकांचा वाचक अदृश्य होता. इथे लिहिणाऱ्याला आपला प्रत्येक वाचक नावानिशी ठाऊक होता, आणि त्याचा ताप-खोकलासुद्धा.

मग १९३२ साल आणि धुळ्याचा तुरुंग. सविनय कायदेभंगाचे कैदी तिथे होते, विनोबा होते, साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलावे, असे अठरा रविवार चालले. एक पुस्तक, एक ठरलेला वार, आणि कुठेही जाऊ न शकणारे श्रोते. विनोबा पंडितांसाठी बोलत नव्हते. समोर बसलेल्या कैद्याला उद्याच्या कामात काय उपयोगी पडेल, हे पाहून ते अध्याय उलगडत. साने गुरुजी समोर बसून भराभर टिपून घेत होते, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या टिपणांवर उभे आहे. नंतर ते भारतातल्या अनेक भाषांत गेले. एका गटाने एकत्र बसून केलेले वाचन इतके दूर गेल्याचे दुसरे उदाहरण मराठीत मला आठवत नाही. बोलणाऱ्याइतकेच श्रेय टिपणाऱ्याचे आहे.

स्वातंत्र्यानंतरही साहित्य संमेलने भरत राहिली, १९५२ चे अमळनेरातच भरले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. पण वाचकाच्या दृष्टीने मोठी घटना १९६३ ची. रावेरशेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ त्या वर्षी आली. ती वाचून कुणी भारावले, कुणी संतापले, आणि तटस्थ फारसे कुणी राहिले नाही. वसतिगृहांच्या खोल्यांतून तिच्यावर वर्षानुवर्षे बोलणे चालले, इतके की पुढे बाबा भांड यांनी ‘कोसलाबद्दल’ हे वेगळे पुस्तकच संपादित केले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ‘ललित’ सुरू झाले. चोखंदळ वाचकांची निवड छापून या मासिकाने साध्या वाचकाच्या आवडीला समीक्षकाशेजारी बसवले. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हणवले. लेखकाभोवतीचे वर्तुळ वाचकाभोवती सरकले ते याच दोन दशकांत.

आणि आता आपण फोनपाशी आलो. रावेरची मुलगी पुण्यात शिकते, तिचा भाऊ केळीच्या बागेत पाणी सोडून बांधावर बसतो, मामा परदेशात. एकच कादंबरी तिघे वाचतात आणि रात्री फोनवरच्या वाचकगटावर लिहितात. लेखकच कधी मध्ये उत्तर देतो. पोथीच्या बैठकीतली मोकळीक, अमळनेरच्या दैनिकातली ओळख, ताराबाईंचा जाब विचारण्याचा हक्क, हे सारे या गटांत एकत्र नांदताना दिसते. ज्या बायकांचे बोलणे कुणी टिपले नव्हते, त्यांच्या नाती आता स्वतःच्या नावाने लिहितात. सातशे वर्षांच्या वाटेवर ही कमाई मी सर्वांत मोठी मानतो.

उणीव आहे ती टिपणाऱ्याची. फोन बदलला की दोन वर्षांची चर्चा जाते. शिशुपाळवधावरची ती दोन-तीन वाक्ये उरली, धुळ्याचे अठरा रविवार उरले, कारण कुणीतरी ते कागदावर उतरवले. जळगावच्या वाचनालयाला २०२७ मध्ये दीडशे वर्षे होतील. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या वाचनालयांनी आपल्या वाचकांचे निवडक अभिप्राय, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत, तारखेसह वर्षाला एका खंडात बांधून ठेवायला सुरुवात करावी. रावेर तालुक्याचा पहिला खंड लेवा बोलीतल्या अभिप्रायांचा झाला, तर तो दाखलपात्र ग्रंथ म्हणून नोंदवायला ग्रंथपालाला कोणतीच अडचण येऊ नये.