सांदवाडीतली नावे

घरामागच्या बागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचे गाव आहे. गेल्या वर्षी भाऊबीज आणि मंडईसाठी गेलो, तेव्हा सांदवाडीच्या मधोमध चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. पुतण्याचे लग्न ठरले आहे, दोन खोल्या वाढवायच्या आहेत. धान निघाले की स्लॅबच्या कामाला हात लागेल. त्यात गैर काही नाही. पण मोठ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, मी म्हटले, एकदा सगळी वाडी मला फिरवून दाखव. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. "पाहाले काय आहे त्यात?" म्हणाली, पण चपला सरकवून पुढे झाली. मी वही घेऊन मागे.

सुरुवात विहिरीपासून झाली. तिला वैशाखातही पाणी असते, कारण गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे. पूर्व विदर्भातल्या या तलावांचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क देण्याची रीत घातली, आणि कोहळी समाजाने धान व उसासाठी तलावांमागून तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी'चे लोकांनी 'मामा' केले. तलावाखालच्या शेतांचा सारा येत असे, म्हणून त्यांची मोजणी झाली, नकाशे निघाले. आमच्या सांदवाडीची कागदोपत्री ओळख मात्र घरामागची मोकळी जागा एवढीच. तिथे काय उगवते हे कोणी कशाला लिहील? आणि लिहिले नाही, तर ते शोधायचे कुठे? मला वाटते, नावांमध्ये.

विहिरीच्या ओलीवर धोपा माजलेला होता. पुण्यामुंबईकडे त्याला अळू म्हणतात. पलीकडे हळद, कढीलिंब, मुनगा. ही मंडळी इथली जुनी. मुनगा म्हणजे शेवगा. त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर चुन्याची रेघ होती. मोठ्या आईने ती ओलांडली, मी वळसा घातला.

पुढे कुंपणाशी मिरचीची सहा-सात झाडे. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त खाद्यपदार्थांची रेलचेल आहे, तिखटासाठी तिथे मिरी आहे. मिरचीचा पत्ता नाही. नवे फळ मिऱ्यासारखे झोंबले, म्हणून त्याला मिऱ्यावरून नाव मिळाले. एकदा ही युक्ती लक्षात आली, की सांदवाडीत ती जागोजाग दिसू लागते.

मांडवावर कोहळे लोंबत होते. उर्वरित महाराष्ट्रात कोहळा म्हणजे पांढरट राखी, पेठ्याचा. संस्कृतातला कूष्मांड तो हाच. आमच्याकडे कोहळे म्हणजे लाल भोपळा, आणि तो अमेरिकेचा. पाहुण्याने घरधन्याचेच नाव घेतले! पपईला आमची जुनी माणसे एरंडकाकडी म्हणतात. पान एरंडासारखे, फळ काकडीसारखे कापायचे. पाहणाऱ्याने जे दिसले ते सांगितले. पेरूला आम्ही जाम म्हणतो. जाम किंवा जांब हे मुळात निराळ्या, जांभळाच्या कुळातल्या फळाचे नाव. खुद्द 'पेरू' शब्द पोर्तुगीजांच्या 'पेरा'पासून, म्हणजे नासपतीपासून आल्याचे मानतात. आणि हिंदीतला अमरूद फारसीत नासपतीच. तीन मुलुखांतल्या माणसांनी एकाच नव्या फळाला आपल्या ओळखीच्या फळाचे नाव द्यावे, याची मला गंमत वाटते.

सीताफळाचा वाद जरा जुना आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहुतच्या स्तूपावरील शिल्पांत सीताफळ दिसले होते. ते खरे मानले तर हे झाड दोन हजार वर्षांपूर्वीच इथे होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र ते अमेरिकेचेच मानले आहे, आणि मलाही शिल्पातल्या खवल्याखवल्यांच्या फळावर एवढा भार टाकवत नाही. काही असो, सीतेच्या नावाने ते घरात आले आणि रामफळ त्याच्या शेजारी बसले. लक्ष्मीपूजनाला ज्याच्या माळा दाराला लावल्या होत्या तो झेंडूही मेक्सिकोकडचा.

ग्रंथांतला इतिहास या झाडांना गोव्याच्या किंवा सुरतेच्या धक्क्यावर उतरवतो आणि तिथेच थांबतो. धक्क्यापासून झाडीपट्टीतल्या विहिरीपर्यंतची वाट कोणी चालवली? बाजार, लमाणांचे तांडे, देवाच्या यात्रा हे धरावेच लागेल. त्यात मी आणखी एक वाट धरतो, आणि तिचा पुरावा मला मांडवाच्या टोकाला मिळाला. तिथे पोपटाच्या शेंगांचा, म्हणजे वालाच्या जातीचा, वेल होता. शेंगेच्या कडेला जांभळी रेघ. "हे बाजारचं नोहोय, बाबू. माह्या मायनं देलं होतं," मोठी आई म्हणाली. तिचे माहेर सडक अर्जुनीकडचे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी गेली, तेव्हा आईने चिंधीत बांधून दिलेले बी. तिच्या आईला ते तिच्या आईकडून. बी राखेत घोळून तुंब्यात भरायचे, आणि तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा, म्हणजे धुराने कीड लागत नाही. तिच्या दोन्ही मुलींच्या सासरीही हाच वेल आहे. एक गाव थेट बालाघाटच्या हद्दीत. माहेर-सासरच्या या रेघा नकाशावर मारल्या, तर बियांच्या वाटा बऱ्याच कळतील. वाल इथला जुना असला, तरी मिरची नि कोहळेही याच चिंध्यांतून गावोगाव गेले असणार, असा माझा तर्क आहे. चिंध्यांची नोंद राहत नाही.

फिरणे तासाभरात आटोपले. वहीत चौतीस नावे झाली. त्यांतली एकोणीस चुन्याच्या रेघांच्या आतली. हळद तशीही काढायचीच आहे. धोप्याचे कांदे विहिरीच्या उताराला लागतील. मुनग्याची फांदी खोचली की जगते. पुतण्याने दुसऱ्याच दिवशी दोन फांद्या कुंपणाशी रोवल्या. सीताफळाला हलवता यायचे नाही.

निघताना मोठ्या आईने पोपटाच्या बियांची पुडी माझ्या हातावर ठेवली. वर्तमानपत्राचा कागद, आत राख. मग तिला आठवले, की मी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"तुही कोणाकडे मोकळी जागा आहे का?" तिने विचारले.