रस्ता कोणाचा, नाका कोणाचा?

आगगाडी आली ती पंचवटीत आली नाही. गावापासून दूर, नाशिकरोडला थांबली. तेवढ्यावरून तेथे नवी वस्ती उठली, पुढे सरकारी छापखाने आले, हजारो कामगारांचे संसार उभे राहिले. रस्ता वळतो तिकडे बाजार वळतो, हा इतिहासाचा जुना धडा आपण सारे जाणतो. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. नव्या रस्त्यावर जकात कोण वसूल करणार, हेही त्याच वेळी ठरून जाते. हा दुसरा भाग आम्ही येथे मांडणार आहोत. आणि उदाहरण घेणार आहोत ते आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनचे.

मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकून गेलेल्या बीरुद शेठ आणि राकेश माथुर यांनी 2004 साली ‘वेबारू’ नावाची कंपनी काढली. इंटरनेटची पाने आधीच यंत्रात भरून ठेवावीत आणि जोडणी नसेल तेथेही वाचावीत, हा तिचा पहिला माल. तो फारसा खपला नाही. मग 2007 साली तिने ‘एसएमएस गपशप’ सुरू केले. युक्ती साधी होती. कोणीही आपले मंडळ काढावे, सभासद जमवावेत आणि एक संदेश धाडावा. तो सर्वांच्या फोनवर पोचावा. त्या काळी घरी संगणक असणारे थोडे, साधा बटणांचा फोन बाळगणारे कितीतरी अधिक. पाहता पाहता सभासद कोटीच्या पलीकडे गेले. क्रिकेटवेड्यांची मंडळे झाली, भजनी मंडळींची झाली, विद्यार्थ्यांची झाली. कागदाचे पत्रक छापून घेण्याचा खर्च ज्याला ठाऊक आहे, त्याला या सोयीचे मोल निराळे सांगायला नको.

परंतु या सोयीच्या पोटातच एक दुखणे होते. संदेश सभासदाला फुकट. कंपनीला मात्र प्रत्येक संदेशामागे टेलिफोन कंपनीला पैसे मोजावे लागत. एका संदेशात मावणार 160 अक्षरे, आणि तो देवनागरीत लिहिला तर अवघी 70. त्यातून जी जागा उरेल तीत जाहिरात घालून खर्च भरून काढायचा. खानावळीत गिऱ्हाईक वाढावे आणि प्रत्येक ताटामागे मालकाचा तोटाही वाढावा, तसा हा धंदा होता. रस्ता दुसऱ्याचा होता, आणि पावलागणिक जकात होती.

अशात दोन घाव बसले. जाहिरातींच्या संदेशांनी लोक हैराण झाले होते, म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे निर्बंध 27 सप्टेंबर 2011 पासून अमलात आले. एका सिमकार्डावरून दिवसाला 100 संदेशांची मर्यादा पडली. नोव्हेंबरात ती 200 झाली. घाऊक संदेशांच्या धंद्याभोवती नियमांचे कुंपण घट्ट झाले. नियम अनाठायी नव्हता, पण त्याने ओल्याबरोबर सुकेही जळाले. दुसरा घाव याहून खोल होता. 2009 साली अमेरिकेत निघालेले ‘व्हॉट्सअॅप’ नव्या फोनांबरोबर येथे पसरू लागले. त्याचा संदेश इंटरनेटवरून जाई, त्यामुळे संदेशागणिक जकात उरलीच नाही. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की जुना रस्ता गप्पांपुरता ओसच पडला.

थोरामोठ्यांनाही हे वळण सोपे गेले नाही. ‘फेसबुक’ची बांधणी संगणकाच्या रुंद पडद्यासाठी होती, तिच्या जाहिराती पानाच्या कडेला लागत. फोनच्या पडद्याला कड कुठली? 2011 च्या अखेरीस तिचे सुमारे साडेचौऱ्याऐंशी कोटी सभासद होते आणि त्यांतले साडेबेचाळीस कोटी फोनवरून येत. तरी फोनवरून म्हणण्यासारखी मिळकत नाही, असे तिने स्वतःच भागविक्रीच्या कागदपत्रांत लिहून दिले होते. 18 मे 2012 रोजी 38 डॉलरला विकलेला भाग सप्टेंबरात 18 डॉलरांच्या खाली उतरला. कंपनीने फोनवरचा आपला कार्यक्रम नव्याने लिहून काढला आणि जाहिरात कडेची उचलून मित्रांच्या बातम्यांच्या रांगेतच आणून बसवली. 2013 च्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातींच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा फोनचा झाला. फेब्रुवारी 2014 मध्ये तिने 19 अब्ज डॉलरला व्हॉट्सअॅप विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्या वेळी व्हॉट्सअॅपमध्ये कामाला माणसे होती पन्नास-पंचावन्न.

गपशपपाशी असले भांडवल नव्हते. तिने माल बदलला. लोकांची मंडळे चालवण्याचा नाद सोडून ती बँकांचे, दुकानांचे, कंपन्यांचे निरोप गिऱ्हाइकांना पोचवू लागली. धंदा सावरला, 2021 च्या एप्रिलमध्ये तिचे मोल 1.4 अब्ज डॉलर ठरले. आज ती जे निरोप पोचवते, त्यांतले कितीतरी व्हॉट्सअॅपच्याच वाटेने जातात. टेलिफोन कंपनीच्या नाक्यावर जकात भरणारी कंपनी आता आणखी एका नाक्यावर उभी राहते.

या हिशेबात कंपन्या जगल्या, भागधारक तगले. पण ज्या मंडळांनी हा पसारा उभा केला, त्यांना कोणी विचारले? ती नफ्यातोट्याच्या वहीत कोठेच नव्हती. कारखान्याचा माल बदलला की कामगाराला निदान दारावर सभा घेता येते, मागणीपत्र देता येते, नुकसानभरपाईसाठी भांडता येते. गप्पांच्या कारखान्यात माणूस एकाच वेळी गिऱ्हाईकही असतो आणि कच्चा मालही. आणि त्याची संघटना नसते.

म्हणून सातपूर-अंबडच्या कामगार बांधवांना आमचे सांगणे इतकेच आहे. फोनवरचा गट जरूर चालवा. रात्रपाळीच्या माणसाला निरोप पोचवायला त्याच्यासारखे साधन नाही. पण सभासदांची वही आपल्या कचेरीत, आपल्या अक्षरात ठेवा. वर्गणी समोरासमोर घ्या. गट ज्या रस्त्यावर भरतो तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे, आणि तो रस्ता कधी वळवायचा हे मालक आपल्या सोयीने ठरवील. त्या दिवशी वही हातात असेल तर युनियन राहील. नसेल तर पुन्हा एकेका घराचे दार शोधत फिरावे लागेल.